शाळेच्या हॉलमधलं नाटक

या स्मरणिकेत आठवणी भरपूर असणार. सहली, पीटीचे तास, दहावीचा निरोप समारंभ, कुणाला कुठल्या सरांनी फूटपट्टीने मारलं, हे सगळं इतरजण माझ्यापेक्षा चांगलं लिहितील. मी थोडा इतिहास लिहिते. विषय नाटकाचा आहे, पण शाळेबाहेरचा नाही. 1974 पासून 1992 पर्यंत, म्हणजे सुमारे अठरा वर्षं, मराठीतलं बरंचसं नवं आणि धाडसी नाटक मुंबईत दादरच्या एका शाळेच्या हॉलमध्ये होत होतं. छबिलदास मुलांची शाळा. त्या हॉलवरून 'छबिलदास चळवळ' असं नावच पडलं. शाळेच्या नावाने ओळखली जाणारी दुसरी नाट्यचळवळ माझ्या तरी ऐकिवात नाही.

आधीच सांगते, मी नाटकाची अभ्यासक नाही. शिक्षण इंजिनिअरिंगचं, पोटापाण्याचं काम सॉफ्टवेअरचं, आणि नाटकाशी नातं तिकीट काढून बघणारीचं. छबिलदासमधला एकही प्रयोग मी पाहिलेला नाही. ते थांबलं तेव्हा आपली बॅच सहावी-सातवीत असेल आणि रामवाडीहून दादर म्हणजे आपल्याला परदेशच होता. हे सगळं मला नंतर, वाचून आणि त्या काळी तिथे जाणाऱ्या वडीलधाऱ्या मंडळींकडून ऐकून कळलं.

मुळात लहान जागेत नाटक करण्यात विशेष ते काय, असं कुणी विचारेल. जागा मिळाली नाही म्हणून लहान जागेत करतात, असाच बहुतेकांचा समज असतो. काही वेळा ते खरंही असतं. पण आपल्या भागात मुळात सगळंच लहान जागेत होत होतं. गौरी-गणपतीत बाल्या नाच होतो तेव्हा नाचणारे मध्ये आणि बघणारे भोवती असतात. पुढच्या रांगेतल्या पोराच्या मांडीवर नाचणाऱ्याच्या चाळाची धूळ उडते. 1843 मध्ये सांगलीला विष्णुदास भाव्यांनी 'सीतास्वयंवर' केलं तेही संस्थानिकांच्या आश्रयाने, निमंत्रितांपुढे. नाटक धंद्याला लागलं, कंपन्या गावोगाव फिरू लागल्या, तेव्हा कुठे मोठी थिएटरं आली. मग स्वातंत्र्यानंतर मुंबईत रवींद्र नाट्य मंदिर आणि शिवाजी मंदिर झालं, 1968 मध्ये पुण्याला बालगंधर्व रंगमंदिर झालं. ही भव्य नाट्यगृहं मराठी माणसाच्या अभिमानाची, आणि तो अभिमान रास्तच आहे. पण इतक्या खुर्च्या भरायच्या तर नाटक सगळ्यांना आवडणारं हवं. नट, नेपथ्य, टेम्पो, जाहिरात, हॉलचं भाडं यांचा हिशेब मांडला की नाटककाराने काय लिहायचं हे निम्मं ठरूनच जातं.

मोठ्या नाट्यगृहाचा दुसरा परिणाम अभिनयावर होतो. इथे माझ्यातली इंजिनिअर थोडी डोकं वर काढते, तेवढी सहन करा. आवाज हवेतून सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. शेवटची रांग 30 मीटरवर असेल तर नटाचं वाक्य तिथे पोचायला जवळजवळ 90 मिलिसेकंद लागतात आणि तिथलं हसू नटापर्यंत परत यायला तेवढेच. म्हणजे सेकंदाचा पाचवा भाग गेला. आमच्या धंद्यात याला लेटन्सी म्हणतात आणि त्यावर लोक रात्र-रात्र जागतात. मुरलेला नट हे न मोजता सांभाळतो. तो वाक्य टाकून थांबतो, लाट परत येऊ देतो, मग पुढचं बोलतो. टाळीच्या वाक्याचं तंत्र यातूनच आलं असावं असं मला वाटतं. दिसण्याचंही तसंच. नाट्यगृह बांधणारे असं धरून चालतात की वीसेक मीटरच्या पलीकडे चेहऱ्यावरचे बारीक भाव दिसेनासे होतात. मग हात मोठे हलवावे लागतात, मान मोठी वळवावी लागते.

पेणच्या माणसाला हे वेगळं समजावायला नको. आपल्याकडच्या गणपतीच्या कारखान्यांत घरगुती मूर्तीची आणि मंडळाच्या मूर्तीची डोळ्यांची आखणी बघा. घरातली मूर्ती हातभर अंतरावरून, रोज दोन वेळा, समईच्या उजेडात बघितली जाणार असते. तिथे केसाएवढी रेघ चुकली तर घरातली म्हातारी बोलते. मंडळाची पंधरा फुटी मूर्ती रस्त्याच्या पलीकडून बघायची असते, तिथे रेघ जाड हवी. कारागीर तोच, नजरेचं अंतर वेगळं. लहान जागेतलं नाटक म्हणजे हातभर अंतरावरून बघायची मूर्ती.

जगात हे आधी ओळखलं गेलं होतं. स्वीडिश नाटककार स्ट्रिंडबर्गने 1907 मध्ये स्टॉकहोमला 'इंटीमा टिएटर्न', म्हणजे जवळिकीचं नाट्यगृह, सुरू केलं. खुर्च्या होत्या 161. तेवढ्या जागेसाठी त्याने वेगळ्या जातीची नाटकं लिहिली. नाट्यगृह तीनच वर्षांत बंद पडलं, नाटकं आजही होतात. पोलंडमध्ये ग्रोटोव्स्कीने 1959 मध्ये ज्या नाट्यगृहात काम सुरू केलं त्याचं नावच 'तेरा रांगांचं थिएटर' होतं. कोलकात्यात बादल सरकारांनी रंगमंचच सोडला आणि 'अंगनमंच' ही कल्पना धरली. अंगण! बाल्या नाचवाल्यांना हे सांगितलं तर ते म्हणतील, त्यात नवीन काय?

मुंबईत मराठीतली सुरुवात 'रंगायन'ने केली. 1960 मध्ये विजया मेहता, विजय तेंडुलकर, अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे, श्रीराम लागू अशी मंडळी एकत्र आली. धंद्याचं नाटक करायचं नाही, सभासद जमवायचे आणि त्यांच्यापुढे मोजके प्रयोग करायचे, असा बेत. वॉर्डन रोडवर भुलाभाई देसाई इन्स्टिट्यूट नावाची जागा होती. तिथे चित्रकार, वादक, नाटकवाले शेजारी शेजारी काम करत. ती गेली. इब्राहिम अल्काझींनी आपल्या राहत्या इमारतीच्या गच्चीवर रंगमंच केला होता, ते दिल्लीला गेल्यावर तोही सरला. सत्यदेव दुबे ताडदेवच्या वालचंद टेरेसमध्ये तालमी आणि छोटे प्रयोग करत, तेही कायमचं नव्हतं. या सगळ्या हकिकती वाचताना एक गोष्ट सारखी लक्षात येते. माणसं होती, नाटकं होती, प्रत्येक वेळी गेली ती जागा.

'रंगायन'मध्ये मतभेद झाले आणि 1971 मध्ये अरविंद देशपांडे, सुलभा देशपांडे आणि अरुण काकडे यांनी 'आविष्कार' सुरू केलं. पहिलं नाटक 'तुघलक', म्हणजे मोठंच. पण संस्थेला घर नव्हतं. ते मिळालं सुलभाबाईंमुळे. सुलभा देशपांडे छबिलदास शाळेत शिक्षिका होत्या. रंगभूमीवरची एवढी मोठी नटी मुलांचे वर्ग घेत होती, हे मला तिच्या कुठल्याही भूमिकेइतकंच महत्त्वाचं वाटतं. 1974 मध्ये शाळेचा हॉल 'आविष्कार'ला नाटकांसाठी मिळू लागला. दादर स्टेशनपासून दोन मिनिटांवर, खाली बटाटेवड्यासाठी प्रसिद्ध गल्ली, जिने चढून वर हॉल. शाळेचा हॉल म्हणजे दिवसा शाळेचा. नाटकवाल्यांनी संध्याकाळी यायचं, खुर्च्या मांडायच्या, दिवे टांगायचे, प्रयोग करायचा आणि सगळं आवरून जायचं. हे आवरण्याचं आणि मांडण्याचं काम ज्यांनी वर्षानुवर्षं केलं त्यांत अरुण काकड्यांचं नाव सगळ्यात आधी घेतलं जातं. ते ना नाटककार म्हणून गाजले, ना नट म्हणून. हॉलची तारीख, तिकिटं, पैसे, सामान, कुणाला काय हवं, हे बघणारे गृहस्थ. 2019 मध्ये ते गेले, तोपर्यंत जवळजवळ अर्धं शतक त्यांनी हेच केलं.

सुलभाबाईंची सगळ्यात गाजलेली भूमिका 'शांतता! कोर्ट चालू आहे'मधली लीला बेणारे. हे नाटक 'रंगायन'चं, 1967 मधलं, राज्य नाट्य स्पर्धेसाठी तेंडुलकरांनी लिहिलेलं. म्हणजे छबिलदासच्या आधीचं. तरी इथे ते आठवतं, कारण त्यातली बेणारे शाळेत शिकवणारी बाई आहे आणि सगळं नाटक एका साध्या हॉलमध्ये घडतं. गावात प्रयोग करायला आलेली हौशी मंडळी वेळ घालवायला खोटा खटला उभा करतात आणि बघता बघता तो एका बाईवरचा खरा खटला होतो. दाराची बाहेरची कडी आतून निघत नाही. मी हे नाटक दोनदा पाहिलं आहे. एकदा मोठ्या नाट्यगृहात, एकदा पुण्यात नव्वद-शंभर लोकांच्या खोलीत, हौशी मुलांनी केलेलं. अभिनय पहिल्या वेळचा सरस होता. पण दुसऱ्या वेळी ती कडी अडकली तेव्हा माझ्या शेजारच्या अनोळखी बाईने मागे वळून आमच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं. मोठ्या नाट्यगृहात आपण खटला बघतो. त्या खोलीत आपण बघ्यांच्या बाकावर बसलेलो असतो आणि कुणीतरी उठून "पुरे झालं" म्हणायला हवं असतं, जे आपल्यातला कुणी म्हणत नाही.

लहान नाट्यगृहाबद्दल बोलताना लोक 'जवळून बघायला मिळतं' एवढंच म्हणतात. ते खरं आहे. त्याच पुण्यात एका प्रयोगात नटी ताटात खरा गरम वरणभात कालवत होती आणि वास तिसऱ्या रांगेपर्यंत आला, तेव्हा त्या बाईचं घर मला न सांगता कळलं. पण त्याहून मोठी गोष्ट अशी की तिथे आपणही दिसतो. प्रेक्षकात पुरता अंधार होत नाही. कंटाळलेला चेहरा नटाला दिसतो, भरून आलेले डोळेही दिसतात. खोकला आला तर अपराधी वाटतं. ऑफिसात दिवसभर मी अशा माणसांशी बोलते जी पडद्यावरच्या चौकोनात असतात, त्यांचा कॅमेरा बऱ्याचदा बंद असतो आणि माझाही. तिथून उठून अशा खोलीत जाऊन बसण्याची ओढ मला का लागते, ते यातच आहे.

'आविष्कार'शिवाय इतरांनीही छबिलदास वापरलं. सत्यदेव दुब्यांची नाटकं तिथे झाली. अमोल पालेकरांनी बादल सरकारांचं 'जुलूस' मराठीत केलं, ज्यात मिरवणूक प्रेक्षकांमधूनच फिरते. असलं नाटक पक्क्या खुर्च्यांच्या नाट्यगृहात करताच येत नाही. सपाट फरशी आणि सुट्या खुर्च्या, ही शाळेच्या हॉलची गरिबी इथे कामाला आली. आज खुर्च्या समोरासमोर, उद्या तीन बाजूंनी, परवा मध्ये वाट सोडून. मुलांसाठी 'आविष्कार'ची 'चंद्रशाला' होती, तिचं 'दुर्गा झाली गौरी' वर्षानुवर्षं चाललं आणि त्यातून मुलांच्या कितीतरी तुकड्या तयार झाल्या.

तिथे सगळं उत्तमच होत होतं असं कुणी समजू नये. न कळणारी, न रंगलेली, उगाच दुर्बोध नाटकंही भरपूर झाली असणार. होणारच. किंबहुना हॉल स्वस्त असण्याचा खरा उपयोग हाच होता. नाटक पडलं तरी कुणी कर्जबाजारी होत नव्हतं, पुढच्या महिन्यात दुसरं बसवता येत होतं. आमच्याकडेही ज्या टीमला चुकायची मुभा नसते ती टीम नवीन काही करत नाही, हे मी वीस वर्षं बघते आहे. दुसरा आक्षेप मला जास्त खरा वाटतो. ही चळवळ मुख्यतः दादर-पार्ले-गिरगावच्या सुशिक्षित मध्यमवर्गाची राहिली. शंभर माणसांच्या खोलीचा धोका असा की ती शंभर माणसं हळूहळू तीच ती होतात. एकमेकांना ओळखतात, एकमेकांसाठी हसतात, आणि दारात उभ्या असलेल्या नवख्याला आत यायचा संकोच वाटतो. पेणहून कुणी आलंच असतं तर शेवटची एसटी चुकू नये म्हणून त्याला नाटक संपायच्या आत उठावं लागलं असतं.

1987 मध्ये अरविंद देशपांडे गेले. 'आविष्कार' अजूनही त्यांच्या स्मरणार्थ नाट्यमहोत्सव करतं. 1992 च्या सुमारास छबिलदासचा हॉल नाटकांसाठी बंद झाला. यात मला कुणाला दोष द्यावासा वाटत नाही. हॉल शाळेचा होता आणि शाळेला शाळेच्या गरजा असतात. अठरा वर्षं दिला हेच पुष्कळ. 'आविष्कार' मग माहीमला महापालिकेच्या शाळेत गेलं. बघा, पुन्हा शाळाच! चेतन दातार आणि त्यांच्या बरोबरीच्या मंडळींचं बरंच काम त्या काळातलं आहे. 1994 मध्ये महेश एलकुंचवारांची 'वाडा चिरेबंदी', 'मग्न तळ्याकाठी' आणि 'युगान्त' ही तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनाखाली सलग करायचं धाडस केलं तेही याच 'आविष्कार'ने. सगळी मिळून नऊएक तासांची. धंद्याच्या नाटकाला हे परवडलं नसतं.

दरम्यान जुहूला 1978 मध्ये पृथ्वी थिएटर उभं राहिलं होतं, दोनशे-सव्वादोनशे माणसांचं, तीन बाजूंनी प्रेक्षक. तिथलं उद्घाटनाचं नाटक होतं गो. पु. देशपांड्यांच्या 'उद्ध्वस्त धर्मशाळा'चं हिंदी रूप. म्हणजे हिंदी-इंग्रजीच्या त्या घराचा पायाही एका मराठी नाटकाने घातला. पुण्यात शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच हे माझ्या पिढीचं छबिलदास म्हणायला हरकत नाही. शे-सव्वाशे माणसांची जागा. नोकरीच्या सुरुवातीच्या वर्षांत शनिवारी संध्याकाळी मी तिथे पुष्कळदा जाऊन बसले. 'आसक्त'सारख्या संस्थांची नाटकं पाहिली. काही कळली, काही अजून कळायची आहेत. आता पुण्यात 'द बॉक्स'सारख्या आणखी जागा झाल्या आहेत आणि तिथे दिसणारी मुलं माझ्या मुलीच्या वयाची असतात.

हे सगळं पुण्या-मुंबईचं झालं. पेण-रोह्याकडच्या माणसाला नाटक बघायचं तर आजही प्रवास करावा लागतो, नाहीतर गणपतीत किंवा जत्रेत कंत्राटदार आणेल ते बघायचं. मोठ्या नाट्यगृहाची मागणी दर निवडणुकीला होते. होवो आणि मिळो. पण सत्तर-ऐंशी माणसांच्या नाटकाला सातशे खुर्च्यांची वाट बघायची गरज नाही, हे छबिलदासने पन्नास वर्षांपूर्वी दाखवलं.

आता आपल्या शाळेचं. माजी विद्यार्थ्यांच्या निधीतून हॉलचं नूतनीकरण करायचं ठरतंय, मीही माझा वाटा दिला आहे. आपल्या वेळचा हॉल म्हणजे आठवीच्या दोन तुकड्यांमधलं लाकडी पार्टिशन काढून केलेली जागा. संमेलनाच्या आदल्या दिवशी शिपाईमामा आणि दहावीची मुलं फळ्या उतरवत आणि आपण बेंच वर्गाबाहेर नेऊन रचत असू. नव्या आराखड्यात उतरती बैठक, जमिनीला पक्क्या केलेल्या गादीच्या खुर्च्या आणि कायमचा उंच रंगमंच आहे. चित्र छान दिसतं. माझी सूचना एवढीच की फरशी सपाट ठेवावी, खुर्च्या सुट्या घ्याव्यात, आणि महिन्यातली एक शनिवार संध्याकाळ बाहेरच्या हौशी नाटकमंडळींसाठी लेखी ठरवून टाकावी. कुणाच्या मर्जीवर नको, कारण मर्जी बदलते आणि मुख्याध्यापकही बदलतात. परीक्षेचे महिने सोडून द्यावेत. भाडं वीजबिल आणि झाडलोट निघेल एवढंच. किल्ली कुणाकडे राहील हेही त्याच कागदावर लिहावं.

खर्चाचं म्हणाल तर पूर्वी दिव्यांचीच धास्ती असे. पाचशे वॉटचे दहा स्पॉट लावले की पाच किलोवॉट झाले, शाळेचं वायरिंग तेवढं सोसत नसे. आताचे एलईडी स्पॉट पन्नास ते शंभर वॉटचे येतात, दहा लावले तरी एक किलोवॉटच्या आतबाहेर. हॉलच्या दोन बाजूंना पंधरा अँपिअरचे चार-चार सॉकेट आणि छताखाली दिवे टांगायला दोन आडवे पाइप एवढं केलं तरी पुरे. मी वायरिंगचा नकाशा काढून समितीकडे दिला आहे, आपल्यातल्या इलेक्ट्रिकलवाल्यांनी तो तपासावा.

आणि जिन्याखालच्या खोलीत जुन्या पार्टिशनच्या सहा फळ्या अजून पडून आहेत. त्या भंगारात देऊ नका. मी मोजून पाहिल्या आहेत, सात फूट उंच आहेत. त्यांना मागून टेकू दिला की दोन्ही बाजूंच्या विंगा होतात.